बेरिंग गेलेली गिरणी

मागच्या हिवाळ्यात पुण्याचा एक मुलगा आमच्याकडे येऊन गेला. केस माझ्यापेक्षा लांब आणि माझ्यापेक्षा चांगले. आमची जुनी कॅसेट त्याला कुठेतरी सापडली होती आणि ती ऐकून तो एवढ्या दूर बालाघाटला आला. चहा झाला, चिवडा झाला, मग त्याने मोबाइल टीपॉयवर ठेवला आणि विचारलं, "ताई, तुमच्या साउंडवर मुख्य प्रभाव कोणाचा?" मी म्हटलं, "हलरचा." त्याने मान डोलावली, लिहून घेतलं, आणि जरा वेळाने हळूच विचारलं, "हा बँड कुठला?" आता याला काय सांगायचं! हलर म्हणजे धान भरडून तांदूळ काढायचं यंत्र. मी त्याला उठवलं, मागच्या अंगणात नेलं आणि आमच्या बंद गिरणीचं कुलूप काढून दाखवलं. तो त्या गंजलेल्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला काय समजलं देव जाणे, म्हणून म्हटलं आपणच एकदा नीट लिहून ठेवावं.

आमच्या बँडचं नाव 'बेरिंग'. आम्ही वाजवायचो त्याला नॉइज रॉक म्हणतात हे मला बँड संपल्यावर कळलं. आम्ही त्याला नुसतं 'आवाज' म्हणायचो. "चल, आवाज करू," एवढंच. माझा भाऊ अनिल, म्हणजे दादा, गिटार वाजवायचा. ती तो सुरात लावायचाच नाही, सगळ्या तारा जवळजवळ एकाच स्वरावर ओढायचा आणि गिटार अँप्लिफायरच्या तोंडाशी धरायचा, मग ती आपोआप किंचाळायची. त्याचा मित्र सुखदेव माइक घेऊन भोंग्यासमोर फिरायचा. लग्नातले माइकवाले ज्या शिट्टीला घाबरून धावत सुटतात, ती शिट्टी हा मुद्दाम काढायचा, वाढवायचा, कमी करायचा. मधूनमधून तो बस कंडक्टरसारखा ओरडायचा, "लांजी, लांजी, लांजी! बैहर, उकवा, बैहर!" ते आमचे बोल. आणि मी ड्रम वाजवायची. पाच-सहा वर्षं हे चाललं. भिलाईला वाजवलं, जबलपूरला वाजवलं, एकदा उकव्याला खाणीच्या कॉलनीत वाजवलं. तिथली माणसं एवढी शांतपणे ऐकत बसली की आम्हीच घाबरलो. दिवसभर ड्रिलच्या मशीनजवळ उभं राहणारी माणसं ती, त्यांना आमचा आवाज म्हणजे विश्रांती वाटली असेल. एक कॅसेट निघाली. मग दादाला रायपूरला नोकरी लागली, सुखदेव साउंडच्या कामाला मुंबईला गेला, मी शाळेत शिकवायला लागले. बँड मोडायला भांडण लागतंच असं नाही, नोकरीचा कॉल आला तरी पुरतो.

पण हे सगळं नंतरचं. आधी गिरणी. बाबांचे तिन्ही भाऊ सरकारी नोकरीत, एक कलेक्टर ऑफिसात, एक सिंचन खात्यात, एक शिक्षण खात्यात. दिवाळीला सगळे एकत्र जमले की ऑफिसच्या गोष्टी निघायच्या आणि बाबा गप्प बसायचे. एकट्या बाबांनीच गिरणी टाकली होती आणि काकू लोक मागे त्यांना 'चक्कीवाले भाऊजी' म्हणायच्या, हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे असेल, बाबांना 'लोक काय म्हणतील' याची भारी काळजी. शर्टावर कोंड्याचा एक कण घेऊन ते रस्त्यावर जायचे नाहीत. घर पुढे, अंगण मध्ये, गिरणी मागे, तिचं दार मागच्या रस्त्यावर. सकाळी मोटर सुरू झाली की भांडी मांडणीवर हलकेच किणकिणायला लागायची, आणि आम्ही सगळे ओरडून बोलायला लागायचो. अजूनही मी फोनवर बोलते तर शेजारीण विचारते, "कोणाशी भांडत होत्या?" घरात सगळीकडे बारीक कोंडा. दुधावर, उशीवर, देवावर. जेवायला नेहमी कण्या, कारण अख्खा तांदूळ गिऱ्हाइकाचा किंवा पाहुण्यांचा. आई कण्यांचा मऊ भात करायची, वर लाखोळीच्या डाळीचं वरण, बाजूला वांग्याची भाजी आणि लाल मिरचीचा ठेचा. मला अजूनही अख्ख्या दाण्याचा भात परक्या घरचा वाटतो.

आणि पट्टा. मोटरपासून हलरपर्यंत रुंद कॅनव्हासचा पट्टा फिरायचा. तो एका जागी लोखंडी क्लिपने जोडलेला होता. दर फेऱ्याला ती क्लिप चाकावरून जायची आणि 'टप्प' असा आवाज यायचा. टप्प, टप्प, टप्प. मी पाळण्यात होते तेव्हाही तो होता. वीज कमी आली की तो संथ व्हायचा, पूर्ण आली की धावायचा. त्याच्याकडे कोणी लक्ष देत नसे, मीही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दादा इंजिनिअरिंगला भिलाईला गेला आणि दोन वर्षांनी इंजिनिअरिंग सोडून गिटार घेऊन आला. बाबा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. त्याने होस्टेलमधून भरून आणलेल्या परदेशी कॅसेटी पहिल्यांदा लावल्या तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली, "अरे, टेप अटकला, बंद कर, फीत तुटन!" सुखदेव आमच्याच गावात, बूढी नावाच्या मोहल्ल्यात राहायचा. त्याच्या मामाचं माइक-भोंगे भाड्याने द्यायचं काम होतं, जयंतीच्या कार्यक्रमांना, लग्नांना. तिथले फुटके अँप्लिफायर हा दुरुस्त करायचा, म्हणजे पूर्ण दुरुस्त करायचाच नाही. "थोडा खराब रहने दे यार, मजा तिथंच आहे," म्हणायचा. दोघं गिरणीतच एका कोपऱ्यात पडदा लावून वाजवत बसायचे. ड्रमवाला तिसराच एक मुलगा होता, तो दोनदा आला आणि पळाला. तिसऱ्या दिवशी मी दळणाचा डबा ठेवायला गिरणीत गेले, रिकामा तेलाचा पिपा पालथा पडला होता, त्याच्यासमोर बसले. त्या मुलाने टाकलेल्या काड्या उचलल्या. एवढंच झालं. नंतर लग्नाच्या बँडवाल्याकडून टाकून दिलेला एक साइडड्रम आला, आणि हलरची जुनी छिद्रांची जाळी मी तारेने टांगली, तिच्यावर काडी मारली की छनन करून बराच वेळ थरथरायची. त्या जाळीसारखी झांज मला पुढे कुठे मिळाली नाही.

बाबांनी पाहिलं. मला वाटलं आता संपलं. पण त्यांनी आमच्यापुढे एक अट ठेवली, तीही माझ्याकडे न बघता, दादाकडे बघून. "मोटर चालू हाये तवर वाजवा. मोटर बंद झाली, की हात बंद. पोरगी ढोल वाजवून राह्यली हे रस्त्यावर आयकू गेलं नाही पायजे." मी हौ म्हटलं. वीस-एकवीस वर्षांची मुलगी होते, लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या, बाबांनी नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. तेव्हा अट मला मेहेरबानी वाटली. मोटर थांबायची, माझे हात हवेत थांबायचे. मध्येच, अर्ध्यातच. एवढी सवय झाली की घरात मांडीवर बोटं वाजवत असले तरी मोटर थांबली की मी थांबायची.

पण गिरणीत दिवसभर माणसं. धानाची पोती घेऊन रांगेत बसलेली. हलरच्या खडखडाटातूनही दादाच्या गिटारची ती 'चींईईई' ऐकू यायची. जवळच्या गर्रा गावच्या एक पार्वताबाई होत्या, तोंडात तंबाखू आणि जीभ तलवारीची. त्यांनी एक दिवस विचारलं, "भाऊ, हा काय आवाज होये? कोणाले मारून राह्यले काय आत?" मी पडद्यामागे होते. बाबांनी मोटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेरिंग गेली हाये मोटरची. बदलवाची हाये." पार्वताबाई म्हणाल्या, "बाप्पा! मंग बदलवा लवकर." झालं. त्या दिवसापासून जो विचारेल त्याला बाबांचं तेच उत्तर. बेरिंग गेली आहे. सुखदेव हसून हसून लोळला. म्हणाला, "भाई, बँडचं नाव भेटलं." आम्ही जाळीवर पेंटने लिहिलं, बेरिंग. मीही हसले. पण मला ते लागलं होतं, खोटं काहून सांगू. मी चांगली वाजवते की वाईट हा प्रश्नच नव्हता, माझा बाप मला खराब झालेली मशीन म्हणत होता.

आणि ते महागात पडायला लागलं. ज्या गिरणीची बेरिंग गेली आहे तिथे कोणी धान टाकत नाही. चाक डगमगतं, दाणा तुटतो, अख्ख्याच्या जागी कणी हातात येते. माणसं मुकाट्याने पोती उचलून दुसऱ्या गिरणीवर जाऊ लागली. आमच्या हलरचा दाणा गावात सगळ्यात चांगला निघायचा, हा बाबांचा मोठा अभिमान, आणि तोच त्यांनी आपल्या तोंडाने घालवला. आई संतापली. जेवताना पानावरच भांडण. "खरं काहून नाही सांगत लोकाइले?" "काय सांगू? माही पोरगी पिपे बडवते म्हून?" "मंग गिऱ्हाईक जाऊन राह्यले ते?" बाबा म्हणाले, "जाऊ दे." आणि कण्यांचा भात कालवत बसले. त्या माणसाला गिरणी बदनाम झालेली चालत होती, मी उघड झालेली चालत नव्हती. मी ताटावरून उठले. आज वाटतं, बिचाऱ्याने मला वाजवायलाही मना केलं नाही आणि लोकांना सांगितलंही नाही, दोन्हीकडून पिसला गेला. पण तेव्हा माझ्या डोक्यात नुसता राग होता.

मग नागपूरचं आमंत्रण आलं. दादाच्या होस्टेलचा एक मित्र तिथल्या कॉलेजच्या कार्यक्रमाचं बघत होता, बँडची स्पर्धा होती. मुलगी दोन मुलांबरोबर एकटी नागपूरला कशी जाणार, म्हणून बाबा बरोबर निघाले. गिरणी दोन दिवस बंद. छोट्या लाइनची गाडी गोंदियापर्यंत, तिथून मोठी गाडी. साइडड्रम माझ्या मांडीवर, जाळी वर्तमानपत्रात गुंडाळून बाबांच्या मांडीवर. डब्यातल्या एकाने विचारलं, "ये क्या है?" बाबा म्हणाले, "मशीन का पार्ट." हॉल मोठा, खुर्च्या मऊ, पडदे जाड. आमच्या आधीचे बँड कसे नीटनेटके, गाणी सगळ्यांना पाठ असलेली. बाबा शेवटच्या रांगेत डबा घेऊन बसले. निवेदक मुलाने जोरात पुकारलं, "बालाघाटहून आलेला बँड... बेरिंग!" आणि मी स्टेजवरून पाहिलं, बाबांनी मान वर केली. त्यांना हे नाव माहीत नव्हतं. जाळीवर लिहिलेलं त्यांनी कधी वाचलंच नसावं, की वाचून सोडून दिलं होतं, मी कधी विचारलं नाही.

आम्ही सुरू केलं आणि काहीतरी भयंकर झालं. दादाची गिटार ओरडली, सुखदेवची शिट्टी चढली, मी काड्या चालवल्या, आणि सगळं हवेत लोंबकळायला लागलं. खाली जमीनच नाही. दादा माझ्याकडे बघतोय, मी दादाकडे. मला वाटलं मी विसरले. मी विसरले नव्हते, मी रोज वाजवते तेच वाजवत होते. पण ते ऐकायला येत होतं एखाद्याने जिना उतरताना दर दुसरी पायरी काढून टाकावी तसं. समोर मुलं आधी गप्प, मग खुसफुस, मग हसू. आम्ही कसंबसं संपवलं. टाळी नाही. तो निवेदक गोड आवाजात म्हणाला, "साउंड चेक झालं असेल तर आता गाणं सुरू करा!" अख्खा हॉल हसला. आम्ही तारा गुंडाळून उतरलो. मला रडू आलं नाही, कान तेवढे गरम झाले होते.

परत येताना गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर छोट्या गाडीची वाट बघत बसलो. आईने दिलेला डबा तिथेच उघडला, पोळ्या आणि ठेचा. बाबांनी पोळीचा घास केला, तो हातातच ठेवला. "नाव काहून असं ठेवलं?" दादाने मान खाली घातली. मी बोलले. "तुम्हीच ठेवलं, बाबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग घास खाल्ला, पाणी प्याले, आणि म्हणाले, "तिथं पट्टा नव्हता." मला कळेना. "अवो, आपला पट्टा. तू त्याची टप्प सोडूनच वाजवते नेहमी. तो तुह्यासाठी वाजते, तू त्याच्या मधातलं वाजवते. तिथं पट्टाच नव्हता, तं तुले रिकामं वाटन नाही त काय होईन?" दादा आ वासून बघत राहिला. खरंच होतं. मी कधी मूळ ठेका दिलाच नव्हता, तो जन्मापासून चालूच होता. आम्ही एकदाही मोटरशिवाय वाजवलं नव्हतं, अटच ती होती. पण मला त्या क्षणी ठेक्याचं काही वाटलं नाही. मला एवढंच वाटलं, म्हणजे हा माणूस ऐकत होता. हलरपाशी पाठ करून, धानात हात घालून, दोन वर्षं हा रोज मला नीट ऐकत होता. मग मला रडू आलं, तिथे प्लॅटफॉर्मवर, ठेचा लागला म्हणून सांगितलं.

घरी आलो. दिवाळी होऊन गेली होती, नवीन धान यायला लागलं होतं. एरवी या दिवसांत आमच्या दारात बैलगाड्या मावायच्या नाहीत, त्या वर्षी चार-पाच माणसं रांगेत, त्यात पार्वताबाई, कारण दुसऱ्या गिरणीवर गर्दी होती. दादा आणि सुखदेव नाराजच होते, तरी सवयीने बसलो. मोटर सुरू, पट्टा सुरू, टप्प, टप्प. मी आता तो ऐकत होते, आणि ऐकल्यामुळे चुकत होते. मध्येच बाबा स्विचपाशी गेले. पोतं अजून अर्धं हलरमध्ये होतं. त्यांनी मोटर बंद केली.

पट्टा दोन-तीन वेळा फडफडला आणि थांबला. माझे हात हवेत थांबले. दादाची गिटार तेवढी बारीक रडत होती, त्याने ती हाताने दाबली. बाहेरचा सायकलच्या घंटीचा आवाज आत आला. बाबा माझ्याकडे वळले.

"बंद काहून केलं?"

"मोटर बंद झाली ना, बाबा."

"मोटर म्या बंद केली. तुले कोणं म्हटलं थांब म्हून? वाजव."

मी दादाकडे पाहिलं. दार सताड उघडं, पुढे रस्ता, रस्त्यावर माणसं. "आयकू जाईल, बाबा," मी म्हटलं. त्यांनी स्विचवरचा हात काढला आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. मी पिप्यावर पाय मारला. पहिल्यांदा तो ठेका मी स्वतः दिला. हळू, जड, बेढब. पुन्हा दिला. मग त्याच्या मधलं माझं नेहमीचं त्यात बसायला लागलं, जाळी थरथरली, दादाने हात सोडला आणि गिटार सुटली, सुखदेवने माइक भोंग्याकडे वळवला. कॅसेटवर जे आहे ते हेच, नंतर याच गिरणीत मोटर बंद ठेवून भरलेलं, पण त्या दिवसाइतकं चांगलं आम्ही पुन्हा वाजवलं नाही. दारात माणसं जमली. सायकली थांबल्या. समोरचा पानठेलेवाला हातात काताचं भांडं घेऊनच आला. आई अंगणात पदर खोचून उभी.

पार्वताबाई पोत्यावरून उठल्या, पट्ट्याजवळ गेल्या, थांबलेल्या चाकाला बोट लावून पाहिलं, आणि बाबांकडे वळून त्या आवाजावरून ओरडल्या, "मोटर त बंद हाये, भाऊ! मंग बेरिंग काहून वाजून राह्यली?"

बाबाही ओरडले. शर्टावर कोंडा, केसांत कोंडा, आणि दारात अर्धा मोहल्ला. "बेरिंग नाही, बाई! बेरिंग चांगली हाये, पयलेपासून चांगली हाये! माही पोरगी वाजवते! रेखा!"

माझा ठेका चुकला, पुन्हा पकडला. पार्वताबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिपा पाहिला, जाळी पाहिली. "आधी सांगाचं नाही का, बावा! मी फुकटची दुसऱ्या गिरणीवर धान नेऊन राह्यली." मग त्या परत आपल्या पोत्यावर जाऊन बसल्या.

बाबांना एकदम गिऱ्हाइकांची आठवण झाली असावी, अर्धं पोतं अडकलेलं होतं. ते स्विचकडे वळून म्हणाले, "चालू करू आता?"

"थांबा ना, भाऊ," पार्वताबाई म्हणाल्या. "पोरीचं होऊ द्या. धान कुठं पळून राह्यलं?"

बाबांनी स्विचवर ठेवलेला हात खाली घेतला, आणि मी वाजवत राहिले.